मेनफ्रेमचे दप्तर

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. गावे, शेते, ओढे होते तिथेच राहिले. कागदावरचा जिल्हा बदलला. त्याआधीचा जिल्हा पातळीवरचा कागद शोधायचा तर चंदगडकराला आजही बेळगावचे नाव ध्यानात ठेवावे लागते. वस्तू तीच, पण पत्ता बदलला; मग ती सापडायची कशी? महसूल खात्याला पडणारा हा प्रश्न मेनफ्रेमने, म्हणजे मोठ्या संस्थांचा कारभार सांभाळणाऱ्या संगणकाने, फार विचारपूर्वक सोडवला आहे.

त्याच १९५६ साली आयबीएमने चकत्यांवर माहिती साठवणारे रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन एक टनाच्या आसपास आणि साठवण ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलमधल्या एका फोटोलाही एवढी जागा लागते. पण टेपवर हवी ती नोंद गाठायला आधीची सगळी टेप फिरवावी लागे, चकतीवर थेट त्या नोंदीवर जाता येऊ लागले. बँकेचे खाते, विम्याची पॉलिसी, विमानाचे आरक्षण संगणकावर क्षणात पाहता येऊ लागले ते यामुळे.

मोठ्या संगणकांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. १९६८ साली मुंबईतच टीसीएस सुरू झाली. १९७८मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तरी मोठे संगणक चालवण्याची विद्या इथे टिकली. सन २०००च्या तारखांचा प्रश्न उभा राहिला तेव्हा कोबोल भाषेतले जुने प्रोग्रॅम तपासायला भारतीय हात मोठ्या संख्येने लागले. आजही पुण्या-बंगळुरूत रात्रपाळी करून परदेशी बँकांचे मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांत मराठी मुलेमुली आहेत.

त्यांच्या तोंडी चकती म्हणजे ‘डॅझडी’ आणि फाइल म्हणजे ‘डेटासेट’. प्रत्येक चकतीला म्हणजे व्हॉल्यूमला सहा अक्षरी नाव असते आणि त्यावर काय कुठे आहे याची यादी त्याच व्हॉल्यूमवर असते. जागा मोजायची ती ट्रॅक आणि सिलिंडरमध्ये. ३३९० या प्रसिद्ध चकतीच्या एका ट्रॅकमध्ये ५६,६६४ बाइट मावतात आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर होतो. ती फिरती चकती कधीच इतिहासजमा झाली. आत आता फ्लॅश मेमरी असते, पण हिशेब अजून त्याच मापात चालतो. म्हणून जुने प्रोग्रॅम न बदलता चालतात.

इथे जागा आधी मागावी लागते. समजा, साध्या डेटासेटसाठी सुरुवातीला १० सिलिंडर आणि पुढे लागतील तसे ५-५ मागितले. एका व्हॉल्यूमवर त्याला जास्तीत जास्त १६ तुकडे मिळतात. पहिले १० सलग मिळाले, तर पुढच्या १५ तुकड्यांचे ७५ धरून एकूण ८५ सिलिंडर होतात. त्यापुढे लिहायला दुसरा व्हॉल्यूम दिलेला नसेल, तर काम ‘बी-३७’ सांगून थांबते. रात्री दोनला हा संदेश आला की पाळीवरचा माणूस खडबडून जागा होतो.

पत्त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे कॅटलॉग. प्रोग्रॅम फक्त डेटासेटचे नाव घेतो, तो कोणत्या व्हॉल्यूमवर आहे ते कॅटलॉग सांगतो. डेटासेट दुसरीकडे हलला की कॅटलॉगमधली नोंद बदलते, प्रोग्रॅमला त्याची वार्ताही नसते. बरेच दिवस कोणी हात न लावलेला डेटासेट आपोआप आकसून स्वस्त जागेत, शेवटी टेपवर जातो. कोणी तो मागितला की यंत्र स्वतःच परत आणते. मागणाऱ्याला थोडे थांबावे लागते इतकेच.

काय किती काळ ठेवायचे, हेही आधीच ठरलेले असते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा. मेनफ्रेमवर हेच काम मॅनेजमेंट क्लास करतो. डेटासेट जन्माला येतानाच त्याच्या नावावरून वर्ग ठरतो आणि बॅकअप कधी, टेपवर कधी, नष्ट कधी हे त्या वर्गाप्रमाणे होते.

उपकरणांचीही अशीच काळजी घेतली जाते. एका चकतीकडे जायला अनेक वाटा असतात, एक तुटली तर दुसरी चालू राहते. दुरुस्तीसाठी एखादे उपकरण ‘ऑफलाइन’ करतात, बाकीचा कारभार सुरूच राहतो. महत्त्वाच्या नोंदी दुसऱ्या यंत्रावरही उमटतात आणि तिथली पोच आल्यावरच लिहिणे पुरे झाले असे मानले जाते.

चंदगडच्या दूध संस्था, पतसंस्था आणि सेवा सोसायट्यांना मेनफ्रेमची गरज नाही. पण त्याची शिस्त उसनी घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. नवी हार्ड डिस्क घेण्याआधी एका कागदावर लिहा: कोणती नोंद किती वर्षे ठेवायची, तिची दुसरी प्रत कुठे आहे आणि ती कोणाच्या ताब्यात आहे. मग बॅकअपमधून एक जुने खाते प्रत्यक्ष परत काढून पाहा. ते निघाले नाही, तर तुमच्याकडे बॅकअप नाही असेच समजा आणि आजच कामाला लागा.