बेडकीचं मागचं चाक

गुऱ्हाळघराच्या मागच्या पडवीत, गळक्या काहिलीला टेकून ती अठरा वर्षं उभी होती. जागा अडू नये म्हणून कुणीतरी तिला शेपटीवर उभं करून ठेवलेलं. दसऱ्यानंतर हंगामाच्या तयारीसाठी पडवी रिकामी करायला घेतली, तेव्हा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "ओ आबा, हे काय आहे?"

काका तिथंच चुलवाणाजवळ बसले होते. म्हणाले, "बेडकी आहे ती. तुझा बाप हिच्यावरच गाडी शिकला."

जमिनीपासून वीतभर उंच, पुढची चाकं बाहेर फाकलेली, आणि क्लच सोडला की टुणकन उडी घेऊन निघायची, म्हणून आजीनं ठेवलेलं हे नाव. आजच्या भाषेत गो-कार्ट.

काकांनी ती १९८६ च्या उन्हाळ्यात बनवली. तेव्हा चेतक स्कूटर पैसे भरले म्हणून मिळत नसे, नंबर लागायला वर्षं जायची. त्यामुळे अपघातात चेपलेल्या चेतकचं इंजिनसुद्धा कुणी सहजासहजी सोडत नसे. काकांना ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका ओळखीच्या टर्नरकडं मिळालं. बाकी सगळं घरचंच. सांगाडा विहिरीवरच्या उरलेल्या सव्वा इंची जीआय पाइपचा, मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंगं जुन्या कडबाकुट्टीची. बसायला ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, हातात जीपचं स्टिअरिंग.

पाइप वेल्डिंग केला त्या रात्री काकांना हुडहुडी भरून ताप आला. ऊन लागलं असं सगळ्यांनी धरलं, आजीनं तळपायाला कांदा चोळला. खरं कारण मला यंदा आमच्या वेल्डरनं सांगितलं. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या आचेनं त्याचा पांढरा धूर होतो, तो छातीत गेला की काही तासांनी असाच ताप भरतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. या वेळी जिथं जोड द्यायचा, तिथलं जस्त आधी ग्राइंडरनं उतरवलं, तोंडाला मास्क लावला आणि काम उघड्यावर केलं. अडतीस वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा उलगडा झाल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई असती तर सांगितलं असतं तिला."

गो-कार्ट हे जन्मापासूनच उरल्यासुरल्या सामानाचं यंत्र आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पहिली कार्ट बनवली. तो रेसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता, पण ही गाडी त्यानं स्वतःच्या हौसेनं, मित्राला हाताशी धरून केली, आणि तिला बसवलं हिरवळ कापायच्या यंत्राचं छोटं इंजिन. पुढं शर्यतींच्या दुनियेत जी नावं गाजली, त्यांच्याही मुळाशी घरचीच गाडी सापडते. आयर्टन सेनाच्या वडिलांनी त्याला चार वर्षांचा असताना अशाच हिरवळ कापायच्या इंजिनावर कार्ट करून दिली. मायकेल शूमाकरच्या गवंडीकाम करणाऱ्या वडिलांनी त्याच्या पायडलच्या गाडीला मोटारसायकलचं लहान इंजिन जोडलं. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण एखादं इंजिन रिकामं पडलेलं दिसलं की हात शिवशिवणारी ही सगळी माणसं मला एकाच भावकीतली वाटतात.

बेडकी उघडताना मी एक नियम केला. काकांनी एखादी गोष्ट अशी का केली, हे कळल्याशिवाय ती बदलायची नाही. हा नियम मी एकदाच मोडला आणि पस्तावलो.

गो-कार्टला स्प्रिंग नसते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो. सांगाड्याचा पाइप पीळ खातो, तीच तिची स्प्रिंग. शिवाय मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवलेली. मोटारीत वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, ती सोय डिफरन्शिअल करतो. इथं तो नाहीच. मग गाडी वळते कशी? वळणावर आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं. तसं झालं नाही तर दोन्ही चाकं सरळ जायला बघतात, गाडी फरफटते आणि टायर ओरखडतात.

हे उचलणं पुढच्या चाकांच्या हातात असतं. ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं, ती वरून मागं कललेली हवी. मग स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की डावं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं चाक हलकं होऊन उठतं. बेडकीच्या खुंट्या मी मोजल्या. दोन्ही बाजूंना कल बारा अंश. हे शिकवणारं पुस्तक त्या काळी आमच्या गावात कुणाकडं असणार? काकांना विचारलं, तर त्यांनी अंगणातल्या सायकलकडं बोट दाखवलं. "तिचा चिमटा तिरका असतो. तो सरळ असता तर सायकल हात सोडून चालली नसती. म्हटलं, हिलाही तसाच द्यावा."

आणि मी काय केलं? सांगाडा हातानं पिळला तर हलतो, हे बघून सीटच्या पुढं एक आडवा पाइप ठोकून घेतला. मजबुती यावी म्हणून. आमच्या ऊनपावसानं खडबडीत झालेल्या अंगणात गाडी ढकलून पाहिली, तर एक ना एक चाक सतत अधांतरी. चौथा पाय आखूड असलेल्या खाटेसारखी ती डुगडुगायला लागली. आठ दिवसांनी मीच तो पाइप कापून काढला. त्याची खूण ग्राइंडरनं घासून टाकलेली नाही. ती राहू दिली आहे.

मात्र काकांची एक गोष्ट बदलावीच लागली. चेतकच्या इंजिनात गिअरबॉक्सच्या शाफ्टवर थेट मागचं चाक बसतं आणि त्याच ड्रममध्ये ब्रेक असतो. काकांनी ड्रमला स्प्रॉकेट लावून साखळीनं अ‍ॅक्सल फिरवला आणि ब्रेक होता तिथंच ठेवला. म्हणजे ब्रेकसुद्धा साखळीमार्फत. साखळी तुटली की वेग तसाच आणि ब्रेक नाही. १९९१ च्या मे महिन्यात ती तुटलीच. मी गाडीवर होतो. वाळत घातलेल्या चिपाडाच्या गंजीत घुसलो म्हणून वाचलो. आता थेट अ‍ॅक्सलवर वेगळा ड्रम आहे. साखळीवर पत्र्याचं झाकण आहे, कारण मुलीची वेणी लांब आहे, आणि हाताशी इंजिन बंद करायचं लाल बटण आहे. पट्टा मुद्दामच लावलेला नाही. डोक्यावर पिंजरा नसलेल्या गाडीत पट्टा घातक. उलटली तर माणूस बाहेर फेकला गेलेला बरा. हेल्मेट सक्तीचं. रस्त्यावर ती न्यायचीच नाही, गुऱ्हाळाच्या अंगणाबाहेर तिला परवानगी नाही.

सांगाड्याचे जुने जोड तपासायला उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी साधी युक्ती सांगितली. जोडावर रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडू घासायचा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. हे काम मुलीनं केलं. सव्वीस जोड. एकविसाव्यावर, सीटच्या डाव्या पायाशी, केसाएवढी रेघ हळूहळू काळपट झाली. तिनं मला नव्हे, आबांना हाक मारली.

इंजिनाचं फार सांगण्यासारखं नाही. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी हातानं फिरला. बोअर करून पिस्टन बदलला, कडक झालेली ऑइल सीलं बदलली, पंख्याच्या झाकणातलं उंदराचं घरटं काढलं. त्या पंख्यामुळंच काकांनी चेतक निवडली होती. मोटारसायकलचं इंजिन स्वस्तात मिळत होतं, पण त्याला समोरून वारा लागतो, आणि इथं इंजिन सीटच्या मागं दडलेलं. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑइल, चौथ्या किकला आवाज.

मे महिन्यात गुऱ्हाळ बंद, अंगण मोकळं. अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली बोल्ट लावून मी वेग बांधून टाकला होता. मुलगी पहिल्या दोन फेऱ्या पहिल्याच गिअरमध्ये फिरली. तिसऱ्या फेरीला तिनं सीटशेजारचा दांडा ओढून दुसरा टाकला आणि चुलवाणाच्या कोपऱ्यावर डावीकडं वळली. मी तिच्याकडं बघत होतो. काका खाली वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, गाडीच्या खालची उजेडाची फट बघत होते.

"उचललं," ते म्हणाले. "चाक उचललं बघ."