म्हाताऱ्या कुत्र्याचा संधिवात आणि घराच्या पायऱ्या

शेतावरच्या घरात कुत्रा हा शोभेचा प्राणी नसतो. रात्री रानडुकरे भुईमुगात शिरली की पहिला तो उठतो. गोठ्याची व खळ्याची राखण त्याच्याकडेच असते. असा कुत्रा आठ-दहा वर्षांचा झाला की सकाळी कण्हत उठू लागतो, पायरीपाशी येऊन थांबतो, आणि घरची माणसे म्हणतात, "म्हातारा झाला, आळशी झाला." पुष्कळदा तो आळस नसतो, संधिवात असतो. त्यावर घरच्या घरी बरेच काही करता येते.

सांधा का दुखतो?

दोन हाडे जेथे मिळतात तेथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते, आणि मध्ये गाडीच्या आसाला घातलेल्या वंगणासारखा द्रव असतो. वयाबरोबर कूर्चा झिजते, सांधा सुजतो, कडेने हाड वाढते. झिजलेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून हा रोग मुळापासून जात नाही, पण वेदना आटोक्यात ठेवता येतात. अंगाने मोठ्या आणि लठ्ठ कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो.

लक्षणे अशी: बसून उठल्यावर पाय आखडणे व थोडे चालल्यावर मोकळे होणे, मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी उडी मारत पायऱ्या चढणे, एकच सांधा सारखा चाटणे, मांड्या बारीक होणे. पाठीला हात लावताच गुरगुरणे हेही लक्षणच आहे. दुखऱ्या कुत्र्याला मुलाने अचानक मिठी मारली तर गरीब कुत्राही चावू शकतो. मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

पायरीवर काय घडते?

चढताना सारे शरीर मागच्या पायांनी ढकलावे लागते. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो. उभे असतानाही कुत्र्याचे शेकडा साठच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असते, उतरताना ते आणखी वाढते. कमरेचा व मागच्या गुडघ्याचा त्रास असेल तर चढणे जड जाते, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर उतरणे. आपला कुत्रा कोठे अडतो ते दोन दिवस नीट पाहावे.

गोव्यात आणि खानापूरकडच्या पावसाच्या भागात ओल येऊ नये म्हणून जोते उंच बांधतात, व जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. धडधाकट माणूसही तेथे घसरतो. मग म्हाताऱ्या कुत्र्याचे काय होणार? एका घसरण्याने दुखरा सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.

उपाय

१. पायऱ्या खरखरीत ताराच्या ब्रशने घासून शेवाळ काढावे. प्रत्येक पायरीवर गोणपाट किंवा काथ्याची चटई घट्ट बसवावी. सैल गोणपाट मोकळ्या पायरीपेक्षा वाईट. माडीच्या जिन्याला खाली व वर फळी आडवी लावून वाट बंद करावी.

२. जमल्यास फळीचा उतार करावा. उंचीच्या निदान तिप्पट लांबी धरावी: जोते दीड फूट उंच असेल तर फळी पाच फुटांची, दोन फूट असेल तर सहा ते सात फुटांची. रुंदी दीड फूट असावी. वर गोणपाट ठोकून वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या माराव्यात, खिळ्यांची टोके वर राहू देऊ नयेत. फळी हलली किंवा वाकली तर कुत्रा पुन्हा तिच्यावर पाय ठेवणार नाही. म्हणून मध्ये टेकू द्यावा. पहिले काही दिवस भाकरीचा तुकडा दाखवून सावकाश चालवावे, ओढू नये.

३. आधार देताना गळ्याचा पट्टा ओढू नये. रुंद टॉवेल मागच्या पायांच्या लगेच पुढे पोटाखालून घेऊन दोन्ही टोके वर धरावीत व थोडाच भार उचलावा. नराच्या मूत्रेंद्रियावर दाब येऊ देऊ नये. उतरताना आपण त्याच्या खालच्या बाजूस राहावे. उचलायचेच झाल्यास एक हात छातीखाली व दुसरा मागच्या मांड्यांभोवती घ्यावा. पुढचे पाय धरून कधीही उचलू नये.

४. नखे वाढली असल्यास कापावीत. लांब नखांनी पाय नीट टेकत नाही. झोपायला थंड फरशीऐवजी पेंढ्याची जाड गादी द्यावी. रोज दोन-तीन वेळा थोडे थोडे चालवावे. सबंध दिवस बांधून ठेवल्यास सांधे अधिकच आखडतात.

५. वजन उतरवावे. हात फिरवला असता बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जन्मभर निरीक्षणाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना चौथा हिस्सा कमी खाणे दिले ते सरासरीने सुमारे १.८ वर्षे अधिक जगले व त्यांना सांध्यांचा त्रास उशिरा झाला. उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून त्याच्यापुढे टाकणे ही माया नव्हे.

औषधाविषयी

आपल्यासाठी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅकने त्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलही यकृतास घातक ठरते. कुत्र्यासाठी वेगळी औषधे आहेत. मात्रा पशुवैद्यानेच वजन पाहून ठरवावी.

मागचे पाय एकाएकी लुळे पडले, लघवी अडली, किंवा तापाबरोबर सांधे सुजले, तर तो म्हातारपणाचा संधिवात समजून थांबू नये. मणक्याचा विकार किंवा गोचिडांमुळे येणारा ताप असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक फळी, दोन गोणपाटे आणि अर्ध्या दिवसाचे काम, एवढ्यात पुष्कळ साधते. ज्याने दहा वर्षे आपले दार राखले, त्याला ते दार चढता यावे, एवढे तर आपण करू शकतो.