जीपचं बॉनेट का उचललं

एखादी जुनी महिंद्रा जीप समोरून नीट पाहा. पुढची जाळी उभट, कपाळ उंच, आणि बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांपेक्षा इतकं वर आलेलं की गाडीने मान ताठ केल्यासारखी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या छायाचित्रांतली विलीस जीप मात्र बसकी. नाकडोळे तेच, अंगकाठी जवळपास तीच, मग बॉनेटच तेवढं वर का गेलं? कारण आत नवं इंजिन मावत नव्हतं. झाकण लागेना, म्हणून झाकणच उचललं.

युद्धातल्या जीपचं इंजिन ‘गो डेव्हिल’ नावाचं. चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. विलीस कंपनीचे इंजिनिअर बार्नी रूस यांनी ४८ अश्वशक्तीच्या एका साध्या मोटारीच्या इंजिनावर मेहनत घेऊन ते घडवलं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असत. वर नुसतं सपाट हेड, त्यामुळे इंजिन ठेंगणं. पण आत येणाऱ्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये शिरताना वळसा पडे. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खालीच ठेवला. घनफळ तेच २.२ लिटर. फक्त श्वास मोकळा झाला आणि ६०चे ७२ झाले. मोबदल्यात इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात १९५३ साली कंपनीने आधीच्याच जीपचं बॉनेट आणि जाळी उंच करून हे इंजिन बसवलं आणि ‘सीजे-३बी’ जन्मली. हीच जीप पुढे मुंबईत महिंद्रांनी बनवली आणि आपल्याकडे ‘जीप’ म्हटलं की तोच उंच कपाळाचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला.

म्हणजे जुन्या जीपमध्ये मोठं इंजिन बसवण्याचा खटाटोप गॅरेजवाल्या हौशी मंडळींनी सुरू केलेला नाही. तो कारखान्यातच सुरू झाला, आणि दर वेळी गाडीच्या अंगावर खूण ठेवून गेला. १९७२मध्ये जीपची तेव्हाची मालक असलेल्या अमेरिकन मोटर्सने सीजे-५ या जीपमध्ये एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं लांब इंजिन घातलं, तेव्हा दोन चाकांमधलं अंतर ८१ इंचांवरून ८४ इंच करावं लागलं. एका इंजिनाने जीप उंच केली, दुसऱ्याने तीन इंच लांब केली.

या दोहोंच्या मधे आलेल्या इंजिनाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ब्यूक या अमेरिकन मोटार कंपनीने १९६१मध्ये ॲल्युमिनियमचं हलकं व्ही-८ इंजिन काढलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच घराण्यातलं, पण बिडाचं आणि दोन सिलिंडर कमी असलेलं व्ही-६. आठ सिलिंडरांसाठी आखलेला ९० अंशांचा कोन सहा सिलिंडरांना तसाच ठेवल्यामुळे त्याचे स्फोट समान अंतराने होत नसत. एक स्फोट ९० अंशांनी, पुढचा १५० अंशांनी, पुन्हा ९०, पुन्हा १५०. रिकाम्या गतीवर ते लंगडत चालतंय असं वाटे. पण व्हीच्या दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर, म्हणून लांबी अगदी आखूड. जीपच्या रेडिएटर आणि पायाकडच्या पत्र्यामधल्या तोकड्या जागेत ते बसलं. १९६५पासून सीजे-५मध्ये ते ‘डॉन्टलेस’ नावाने मिळू लागलं. ३.७ लिटर, १६० अश्वशक्ती. पुढे जीप कंपनीने त्याची यंत्रसामग्रीच ब्यूककडून विकत घेतली. तिकडे व्ही-८चे हक्क रोव्हरने घेतले आणि ते इंजिन १९७०च्या रेंज रोव्हरमध्ये गेलं. ब्यूकने नको म्हटलेली ही दोन भावंडं अशी दोन खंडांत, रानावनात हिंडणाऱ्या गाड्यांत नांदली.

कारखान्यात जमलं ते अंगणात जमवायचं, तर खरी कसोटी जोडणीत आहे. इंजिन एका कंपनीचं, गेअरबॉक्स दुसरीची, त्यामुळे मधे ॲडॉप्टरची जाड प्लेट लागते. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गेअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकाच रेषेत यायला हवा, आणि मुभा साधारण एक दशांश मिलिमीटरची. माणसाचा केस याहून फारसा बारीक नसतो. दोनशे किलोच्या आसपासचा धातू साखळीने टांगून खाली सोडायचा, आणि तो केसभर अंतराने अचूक बसला की नाही हे डायल गेजच्या काट्यावर बघायचं! चूक राहिली तर गाडी चालू होते, धावतेही. मग काही दिवसांनी बेअरिंग आवाज करू लागतं.

आता थोडी आकडेमोड करू, कारण या विषयातलं सगळ्यात मोठं नवल तिच्यात दडलंय. हरिकेन इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, १५५ न्यूटन-मीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सोळा किलो वजन टांगावं, एवढा. पहिल्या गेअरमध्ये तो २.८ पट होतो, लो रेंजमध्ये आणखी २.४६ पट, डिफरन्शियलमध्ये ५.३८ पट. एकूण ३७ पट! घर्षणातली घट सोडली तर त्या दांड्यावर आता ५९० किलो. चाकाची त्रिज्या अवघी ३६ सेंटिमीटर, त्यामुळे जमिनीवर लागणारा रेटा भरतो सोळाशे किलोंच्या वर. आणि गाडीचं स्वतःचं वजन? जेमतेम एक टन. मातीवर टायरची पकड गाडीच्या वजनाहून जास्त रेटा पेलूच शकत नाही. म्हणजे ती छोटी, ७२ अश्वशक्तीची जीपसुद्धा पकड सुटेपर्यंत रेटण्याइतकी समर्थ होती. चढावर तिला जोर कमी पडत नव्हता, माती कमी पडत होती.

त्याच गेअरांना व्ही-६ जोडलं, तर मीटरभर दांड्यावर बाराशे किलो येतात. चाकं आधीच घसरत होती, त्यामुळे चढण्याची क्षमता काही दुप्पट होत नाही. पण उसळलेलं चाक फिरत फिरत दगडावर आपटून एकदम अडकतं, तेव्हा तो सगळा पीळ जाणार कुठे? ॲक्सल शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गेअरच्या दातांत. ते सगळे ६०-७० अश्वशक्तीचा हिशेब धरून घडवलेले. म्हणून मोठं इंजिन बसवणारा जाणकार आधी मागच्या ॲक्सलकडे बघतो, मग इंजिनाकडे.

मग मोठं इंजिन नक्की देतं काय? वेग. जुन्या जीपमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळपास ४,००० फेरे मारतं, म्हणजे सर्व शक्ती पणाला लागलेली असते. पण हवा कसली हट्टी! तिला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, आणि जीप म्हणजे तर हवेपुढे उभी केलेली भिंत. शक्ती दुप्पट केली तर कमाल वेग सुमारे सव्वापटच होतो. त्या सव्वापट वेगाने गाडीतली गतिज ऊर्जा मात्र दीडपटीहून जास्त वाढते, आणि थांबवायला जुन्या जीपला असतात नऊ इंचांचे ड्रम ब्रेक. म्हणून माझं मत ठाम आहे. ब्रेक न बदलता इंजिन बदलणं हे धाडस नव्हे, अविचार आहे. आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मनाने करता येत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. हौस असेल तर परिवहन कार्यालयाची पायरी आधी चढावी.

आता पुन्हा त्या व्ही-६च्या गोष्टीकडे. १९७३ साल उजाडलं आणि तेल महागलं. अमेरिकेत ब्यूकला अचानक छोट्या, काटकसरी इंजिनाची गरज भासली, आणि तोवर जीपमधून बाहेर पडलेल्या त्या लंगडत्या व्ही-६ची आठवण झाली. १९७४मध्ये ब्यूकची मूळ कंपनी जनरल मोटर्सने ती विकून टाकलेली यंत्रसामग्री टोलेडोहून परत विकत घेतली. १९७७मध्ये क्रँकपिना ३० अंशांनी दुभागून त्या व्ही-६चे ठोकेही सारखे केले. त्या इंजिनाचे वंशज २००८पर्यंत बनत राहिले.

त्याच तेलसंकटाने भारतात उलटा प्रवास घडवला. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३मध्ये मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. पेट्रोलच्या इंजिनाइतकं ते पळत नसे, त्याची चाल शेतातलीच होती. पण डिझेल स्वस्त, आणि नांगर ओढायला घडवलेल्या इंजिनाला कच्चे रस्ते नवे नव्हते. जड, दणकट आणि उंच असं ते इंजिन जीपच्या पोटात उतरलं. बॉनेट पुन्हा वाढवावं लागलं नाही. १९५३ साली टोलेडोत वेगळ्याच, पेट्रोलच्या इंजिनासाठी ते उचललेलं होतं, आणि खाली जागा तयार होती.