सायकलच्या टायरमधील दाब आणि वेग

टायर जितका कडक तितकी सायकल वेगवान, ही समजूत सायकल वापरणाऱ्यांत सर्वत्र रूढ आहे. केळापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातून पांढरकवड्यास येणारा विद्यार्थी असो वा नागपूर-हैदराबाद महामार्गावर सराव करणारा स्पर्धक असो, हवा भरून झाल्यावर अंगठ्याने टायर दाबून पाहावयाचा आणि तो दबेनासा झाला म्हणजे समाधान मानावयाचे, हीच सामान्य रीत होय. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग ध्यानी न घेतल्यास श्रम अधिक आणि वेग कमी, असा विपरीत परिणाम घडतो.

हवेच्या टायरचा इतिहासच या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतो. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने अशा टायरचे एकस्व 1845 मध्ये घेतले होते. तथापि त्याचा प्रसार झाला नाही. पुढे 1888 मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेचा टायर स्वतंत्रपणे तयार केला. हेतू सुखाचा होता. लाभ मात्र वेगाचाही झाला. 1889 मध्ये विल्यम ह्यूम याने हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे टायर मागे पडले. सारांश, मऊ चाकाने कठीण चाकावर मात केली.

याची उपपत्ती अशी. चाक फिरताना टायरचा जमिनीस टेकलेला भाग चपटा होतो व पुन्हा मूळ आकारास येतो. या क्रियेत रबर व त्यातील धागे जी ऊर्जा घेतात ती सर्व परत देत नाहीत. काही अंश उष्णतेच्या रूपाने वाया जातो. मागील चाकावर 50 किलोग्रॅम भार असल्यास 60 पौंड दाबाला सुमारे 12 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीस टेकतो, तर 90 पौंडांना सुमारे 8. टायर कमी चेपला म्हणजे ही हानी घटते. गुळगुळीत पोलादी रुळावर केलेल्या चाचण्यांत वाढता दाब लाभदायक ठरतो तो याच कारणाने.

परंतु रस्ता म्हणजे पोलादी रूळ नव्हे. टायरने जे खडे व उंचवटे स्वतःत सामावून घ्यावयाचे, ते अतिकडक टायर सामावून घेत नाही. तो सायकलीस व स्वारास वर उचलतो. पुढे जाण्यासाठी खर्चावयाची ऊर्जा अशा रीतीने शरीराच्या थरथरण्यात जिरते. ही दुसरी हानी दाबाबरोबर वाढत जाते. दोन्ही हानींची बेरीज जेथे किमान, तोच योग्य दाब होय. आणि रस्ता जितका खडबडीत तितका हा बिंदू खाली सरकतो. व्यावसायिक शर्यतींतील 23 मिलिमीटरचे टायर मागे पडून 28 मिलिमीटर व त्याहून रुंद टायर कमी दाबाने वापरले जाऊ लागले, त्यामागे हेही एक कारण आहे.

या बाबतीत व्यवहारातील भाषाही दिशाभूल करते. मराठीत हवा ‘भरतात’. ती ‘कमी’ असते वा ‘जास्त’ असते. ही सारी परिमाणवाचक पदे आहेत, दाबाची नव्हेत. ‘चाळीस पौंड हवा’ या प्रयोगात ‘दर चौरस इंचास’ हा अंश लुप्त झाल्याने पौंड हे जणू हवेचे वजनच वाटते. त्यामुळे रुंद व अरुंद टायरांना एकच आकडा लावण्याकडे प्रवृत्ती होते. अंगठ्याची परीक्षाही फसवी आहे. टायरच्या आवरणावरील ताण दाब आणि रुंदी यांच्या गुणाकारानुसार वाढतो. म्हणून 40 मिलिमीटरच्या टायरमधील 45 पौंड आणि 25 मिलिमीटरच्या टायरमधील 72 पौंड अंगठ्याला जवळजवळ सारखेच कडक लागतात.

केळापूर परिसरात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. महामार्गावरील सपाट पृष्ठभागास मानवणारा दाब खडी उघडी पडलेल्या गावरस्त्यावर जादा होतो, आणि काळ्या मातीच्या पांदणीवर तर त्याहून कमी दाब लागतो. उन्हाळ्याचाही विचार आवश्यक आहे. 25 अंश सेल्सिअस तापमानात भरलेले 60 पौंड टायर 45 अंशांपर्यंत तापल्यास सुमारे 65 होतात. मागील चाकावर भार अधिक असल्याने पुढील चाकात दाब थोडा कमी ठेवणे युक्त होय. वरची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. खालची मर्यादा अनुभवास येते ती खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटून तिला दोन छिद्रे पडतात तेव्हा.

योग्य दाब शोधण्यास महागड्या उपकरणाची गरज नाही. पहाटे, वारा पडलेला असताना, नित्याच्या रस्त्यावरील एखाद्या उतारावरून पायडल न मारता व बैठक न बदलता सायकल सोडावी आणि ती कोठे थांबते तेथे खूण करावी. प्रत्येक खेपेस पाच पौंड दाब कमी करून हाच प्रयोग पुनःपुन्हा करावा. सर्वांत दूरची खूण ज्या दाबाची, तो त्या रस्त्यापुरता योग्य दाब. साध्या सायकलीच्या जुन्या घडणीच्या व्हॉल्व्हमध्ये रबरी नळी असते व त्यामुळे दाबमापकाचा आकडा भरवशाचा राहत नाही. तेथे पंपाचे ठोके मोजून तुलना करावी. दोन दाबांत फरक दिसेनासा झाल्यास कमी दाब पत्करावा. कारण खडबडीत रस्त्यावर जादा दाबाची शिक्षा किंचित कमी दाबाच्या शिक्षेहून मोठी असते.

तात्पर्य, योग्य दाब हा टायरचा एकट्याचा गुण नसून भार, रुंदी आणि रस्ता या तिहींच्या संबंधातून ठरणारी गोष्ट आहे. शाळेची पाच मैलांची वाट रोज तुडविणाऱ्याला हे ज्ञान शर्यतीतील स्वाराइतकेच उपयोगी आहे. किंबहुना त्याच्या वाटेवर खड्डे अधिक असल्याने थोडे अधिकच.