अकरा मासे शिसं आणि दहा इंचांचा पीळ

लालबागच्या एका वाचकांचं पत्र गेले पंधरा दिवस टेबलावर आहे. त्यांचं गाव सिंधुदुर्गात. आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. डुकरं भातात उतरायला लागली की आजोबा पडवीत बसून बार भरायचे. आधी मापाने दारू, वर काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, आणि सगळं गजाने ठासून घट्ट. एकदा नातवाने हट्ट केला म्हणून त्यांनी दोन गोळ्या भरल्या आणि बार बांधाच्या अलीकडेच पडला. ‘शिसं वाढलं की बार आखडतो,’ आजोबा म्हणाले. आता वाचकांचा प्रश्न असा : अमेरिकेतले हौशी नेमबाज हरणाच्या शिकारीच्या जुन्या काडतुसात हाताने जास्त जड गोळ्या भरतात, आणि तेही लांबचा नेम साधावा म्हणून. मग आजोबा चुकले की अमेरिकन?

दोघंही बरोबर आहेत. ते कसं, हे सांगताना एका विस्मरणात गेलेल्या माणसापर्यंत जावं लागतं आणि त्याचा शेवट आपल्याच देशात झाला, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे सांबर-चितळावर बंदूक रोखणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद झालं आणि ते योग्यच झालं. तेव्हा हा प्रश्न मी कागदी लक्ष्यापुरता घेतो.

ज्या काडतुसांबद्दल हे सगळं चाललं आहे त्यांतलं एक म्हणजे ‘२७० विंचेस्टर’. ते १९२५ साली बाजारात आलं. गोळीचा व्यास जेमतेम ७ मिलिमीटर, नेहमीचं वजन १३० ग्रेन. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. हे माप ऐकून बुजायचं कारण नाही, कारण गिरगावातल्या जुन्या सराफांच्या तराजूशी त्याचं सख्खं नातं आहे. ब्रिटिशांनी १८३३ साली तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याचे मासे बारा, म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. त्या हिशेबाने ही गोळी पावणेनऊ माशांच्या किंचित आत येते. हौशी मंडळी काडतुसाच्या त्याच पुंगळीत १५० ग्रेनची, म्हणजे दहा माशांची आणि १६५ ग्रेनची, म्हणजे अकरा माशांची गोळी बसवतात. दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. गुंजेच्याही अठराव्या हिश्श्याइतकं हे वजन. सोनं तोलणाऱ्या हाताला ही चिकाटी ओळखीची वाटेल.

आता जड गोळीचा फायदा काय? परळच्या पुलावर उभं राहून खालून जाणारी लोकल बघा. गाडी बारा डब्यांची असो की पंधरा डब्यांची, मोटरमनसमोरची काच तेवढीच. हवा अडवते ती पुढच्या तोंडाला. मागे डबे वाढले तर वजन वाढतं, तोंड वाढत नाही. (डब्यांच्या कडेने घासणारी हवा इथे सोडून देऊ.) दोन्ही गाड्या सारख्या वेगात असताना वीज तोडली तर पंधरा डब्यांची गाडी जास्त दूरपर्यंत घरंगळेल. गोळीचंही तसंच. नळी ठरलेली, त्यामुळे व्यास ठरलेला. वजन वाढवायचं तर लांबीच वाढवावी लागते. तेच तोंड, मागे जास्त शिसं, म्हणून हवेत वेग कमी गळतो. आडव्या वाऱ्यानेही अशी गोळी कमी हलते.

पण पुंगळीत दारू मावते तेवढीच मावते. तेवढ्याच जोरात अकरा मासे ढकलायचे तर गोळी निघतानाच हळू निघणार. १३० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९३० मीटर वेगाने सुटते, जड गोळी त्याहून हळू. जवळच्या पल्ल्यात हलकी गोळीच सरस. काहीशे मीटर गेल्यावर मात्र तिचा दम उतरलेला असतो आणि जड गोळी वेगात तिला मागे टाकते. आजोबांची बंदूक पन्नास पावलांची. तिथे लांबचा हिशेब कधी सुरूच झाला नाही. शिवाय त्यांची गोळी गोल. गोल गोळीला जाडी न वाढवता जड होता येत नाही आणि दोन सुट्या गोळ्या म्हणजे जोडलेले डबे नव्हेत.

तर मग पंचवीस डब्यांची गोळी का करू नये? कारण लांब वस्तू हवेत सरळ राहत नाही, कोलमडते. तिला सरळ ठेवायला नळीत आतून पिळाचे आटे कोरतात आणि गोळी गरगरत बाहेर पडते. भोवरा खेळलेल्याला हे समजावून सांगायला नको. बुटका भोवरा हलक्या जाळीनेही उभा राहतो. उंच शेलाटा भोवरा उभा ठेवायला जाळी करकचून गुंडाळून झटका द्यावा लागतो, नाहीतर दोन गिरक्यांत तो आडवा. जुन्या २७० रायफलींच्या नळीत दहा इंचांत एक पीळ पूर्ण होतो. म्हणजे गोळी सेकंदाला साडेतीन हजारांहून जास्त गिरक्या घेते, मिनिटाला दोन लाखांच्या वर! तरीही सर्वांत लांब गोळ्यांना त्या पुरत नाहीत. मग कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फट दिसते. गोळी आडवी होऊन लागली, याची ती खूण. किती लांब गोळीला किती पीळ हवा याचं सुटसुटीत सूत्र जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली मांडलं. त्यात मुख्य राशी लांबी आणि व्यास या आहेत. गोळी जड आहे म्हणून नव्हे, लांब आहे म्हणून जास्त पीळ मागते.

२०२१मध्ये ‘६.८ वेस्टर्न’ नावाचं नवं काडतूस मोठा गाजावाजा करून आलं. गोळीचा व्यास २७०चाच, गोळ्या १६५ ते १७५ ग्रेनच्या, नळीचा पीळ आठ इंचांच्या आसपास. काडतूस चांगलं आहे. पण जाहिरातीत पुंगळीचं कौतुक जास्त. खरी करामत नळीतल्या पिळाची आहे आणि ती समज पावणेतीनशे वर्षं जुनी आहे.

ती समज दिली बेंजामिन रॉबिन्सने. जन्म १७०७, इंग्लंडमधल्या बाथ गावी, एका क्वेकर घरात. शांततावादी पंथात जन्मलेल्या या मुलाने तोफगोळ्यांचं शास्त्र पायावर उभं केलं. त्याच्या आधी गोळीचा वेग मोजताच येत नव्हता. १७४२च्या आपल्या पुस्तकात त्याने तो मोजण्याची युक्ती दिली. घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. लाकडाचा जड ठोकळा तसा टांगायचा आणि त्यात गोळी मारायची. गोळी लाकडात रुतते, ठोकळा मागे झुलतो. त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली ते मोजलं की गोळीचा वेग हाती येतो. साध्या बंदुकीच्या गोळीसाठी आकडा आला सेकंदाला सुमारे १७०० फूट. ठोकळा जवळ आणि दूर ठेवून त्याने हेही दाखवलं की वेगवान गोळीला हवा सगळ्यांच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त अडवते. तोवर तोफखान्याची कोष्टकं हवेला जवळजवळ मोजतच नव्हती.

मला त्याचा सगळ्यात आवडणारा प्रयोग वाकड्या नळीचा. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या गोल गोळ्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे का भरकटतात? त्याने एका बंदुकीची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि पुढे ओळीने पातळ कागदाचे पडदे टांगले. बार काढला. गोळी आधी डावीकडेच गेली, पण पडद्यांवरची भोकं बघत पुढे जावं तर ती वळून उजवीकडे सरकलेली! वाकड्या नळीच्या उजव्या भिंतीला घासून गोळीला फिरकी मिळाली होती आणि फिरकीने तिला हवेत वळवलं होतं. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ साली रॉबिन्सच्या पुस्तकाचा जर्मन अनुवाद केला, मूळ पुस्तकापेक्षा मोठी टिपणं जोडली, पण हे मानलं नाही. गोळीच्या ओबडधोबडपणामुळे असं होत असेल, असं त्याने लिहिलं. १८५२मध्ये बर्लिनच्या मॅग्नस या शास्त्रज्ञाने तोच परिणाम पुन्हा दाखवला आणि नाव त्याचं लागलं.

रॉबिन्सची खरी झेप त्यापुढची. फिरकीचा आस आडवा-तिडवा असेल तर गोळी भरकटते. मग तोच आस गोळीच्या मार्गाच्या रेषेत आणला तर? आटे कोरलेली नळी नेमकं हेच करते. १७४७ साली त्याने रॉयल सोसायटीपुढे सांगितलं की आट्यांच्या नळीचं मर्म जे राष्ट्र आधी समजून घेईल ते रणांगणात वरचढ ठरेल. गोल गोळी सोडून अंड्याच्या आकाराची गोळी करावी, असंही त्याने सुचवलं होतं. लांब गोळीकडे जाणारी ती वाट होती.

शिवाजी पार्कच्या मैदानाशी याचा काय संबंध? फार जवळचा. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाकडे हवेत आत सरकायचा आणि टप्पा पडून बाहेर जायचा. त्यातलं हवेतलं सरकणं म्हणजे रॉबिन्सच्या पडद्यांवरची भोकांची रांग. शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. रॉबिन्सबद्दल वाचताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

आणि आपले नेमबाज? पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. प्रशिक्षक ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे. या प्रकारातली गोळी ४० ग्रेनची, म्हणजे तीन मासेही नाही, आणि वेग मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी ठेवलेला, कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळी डळमळते. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. या छोट्या काडतुसाचा पेटता मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे हाताने बार भरायची सोय नाही. मग नेमबाज उलट बाजूने जातात. रायफल घट्ट जखडून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपांतली काडतुसं झाडून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारी खेप उचलतात. कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून पुढे आलेल्या अंजली भागवत आणि त्यांच्याबरोबरच्या सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या मुंबईकर मुलींच्या पिढीने इथल्या खेळाला ही शिस्त लावली. नळी मागेल ते खाणं तिला द्यायचं, हे सिंधुदुर्गातल्या आजोबांनाही ठाऊक होतं.

रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन मद्रास किनाऱ्यावरचे किल्ले बांधायला आला आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. वय ४४. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि क्रिकेटच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे : फिरत्या चेंडूचं वळण समजावताना फळ्यावर ‘मॅग्नस’ लिहाल, तेव्हा त्याच्या आधी ‘रॉबिन्स’ लिहा.