हाताजोगा पटर

गोल्फ हा धनिकांचा खेळ, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध आहे तो पोटाचा. माझे वडील गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. खेळाडूंच्या पिशव्या वाहतात. रविवारी मीही तेच काम करतो आणि त्यातून फी भरतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

गोल्फचा चेंडू शेवटी ४.२५ इंच व्यासाच्या होलमध्ये घालायचा असतो. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीस ग्रीन म्हणतात. तेथे चेंडू उडवायचा नसतो, जमिनीवरून घरंगळत न्यायचा असतो. त्यासाठी वापरायची काठी म्हणजे पटर. नियमाप्रमाणे खेळाडूला १४ काठ्या बाळगता येतात. पण १८ होलच्या ‘पार ७२’ मैदानावर दर होलला दोन याप्रमाणे ३६ फटके ग्रीनवरचेच धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ या एका काठीचा! तरीही बहुतेक लोक ती किंमत आणि चकाकी पाहूनच घेतात.

मीही त्यातलाच. एका साहेबांनी मला आपला जुना पटर दिला. मोठ्या चौकोनी डोक्याचा, देखणा. कॅडींच्या स्पर्धेत तोच घेऊन मी उतरलो. चार-चार फुटांवरून चेंडू होलच्या उजवीकडून जाऊ लागले. मी हरलो. असल्या वस्तू आपल्या हातांसाठी नसतातच, असे तेव्हा मनाने घेतले.

घरी वडिलांनी त्या पटरची दांडी डोक्याजवळ बोटावर आडवी तोलली. पटरचा चेहरा सपाट, आभाळाकडे राहिला. मग त्यांनी आपला जुना, पातळ पात्याचा पटर तसाच तोलला. त्याचे टोक खाली जमिनीकडे झुकले. ते म्हणाले, “ही तुझी काठी सरळ मारणाऱ्याची. तू गोल मारतोस.”

त्याचा अर्थ असा. काहींचा हात मागे-पुढे सरळ रेषेत चालतो. त्यांना चेहरा न वळणारा, तोलल्यावर सपाट राहणारा पटर मानवतो. काहींचा हात किंचित कमानीत फिरतो. मागे जाताना चेहरा उघडतो, पुढे येताना मिटतो. त्यांना टोक झुकणारा पटर बरा, कारण तो सहज वळतो. माझ्या कमानी हातात सपाट पटर वेळेवर मिटत नव्हता. म्हणून चेंडू उजवीकडे!

आपला हात ओळखायचा तर जमिनीवर एक सरळ पट्टी ठेवावी, तिच्याशेजारी पटर झुलवावा आणि मित्राला पाहायला सांगावे. लांबीही पाहावी. साधारण ३३ ते ३५ इंचांचे पटर मिळतात. सहज वाकून उभे राहिल्यावर नजर चेंडूच्या वर यावी आणि पटरचा तळ जमिनीवर सपाट बसावा. टोक वर उचलले गेले, तर चेंडू डावीकडे ओढला जातो.

कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने १९५९ मध्ये ‘पिंग’ पटर बनवला. डोक्याचे वजन दोन्ही टोकांना वाटल्यामुळे मधोमध न बसलेल्या फटक्यातही तो कमी वळे. वडिलांना हे नाव ठाऊक नाही. ते चौथीपर्यंतच शिकले. पण काठी बोटावर तोलून ती कोणाच्या हातची, हे ते सांगतात.

तो चौकोनी पटर मी सरळ हाताच्या एका मित्राला दिला. पुढच्या स्पर्धेत तो दुसरा आला. मी वडिलांचा जुना पटर घेऊन खेळलो, चौथा आलो.