विंडोज बदलली आणि दुकानातले नेटवर्क बंद पडले : कारणे व इलाज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही, परंतु नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजवून देण्याचे काम कंपनीने सर्वांसाठी थांबवले. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत देण्याचे तिने जाहीर केले, पण ही गोष्ट किती दुकानदारांपर्यंत पोहोचली कोण जाणे. बहुतेकांनी या तारखेच्या आगेमागे लॅमिंग्टन रोडवरून माणूस बोलावला आणि विंडोज ११ टाकून घेतली.

त्यानंतर घोडपदेव, माझगाव, भायखळा या पट्ट्यातील व्यापारी बांधवांच्या तोंडी एकाच प्रकारच्या तक्रारी आहेत. इंटरनेट चालते, मोबाईल चालतो, पण गल्ल्यावरच्या संगणकाला आतल्या खोलीतला हिशोबाचा संगणक दिसत नाही. दिसला तर पासवर्ड मागतो, आणि पासवर्ड तर कधी ठेवलेलाच नव्हता. चलन छापायचा प्रिंटर काहीतरी क्रमांक दाखवून गप्प बसतो. टॅली उघडते, पण 'एज्युकेशनल मोड' असे लिहून येते. इकडे ११ तारीख आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी, कोणासाठी थांबत नाहीत.

आपल्याकडे खाली दुकान किंवा कारखाना आणि वर घर, मध्ये एकच राउटर, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून हा विषय घरचाही आहे. मुलाचा लॅपटॉप, घरातला टीव्ही आणि उधारीची वही हे सर्व एकाच तारेवर बसलेले असतात.

प्रथम एक साधी तपासणी करावी. विंडोज बदलली त्याच आठवड्यात एखादी केबल उंदराने कुरतडली असेल तर दोष विंडोजचा नव्हे. संगणकात 'सीएमडी' लिहून काळी खिडकी उघडावी, त्यात 'आयपी कॉन्फिग' हा हुकूम द्यावा. जो आकडा येतो तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. म्हणजे केबल, वाय-फाय, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर किंवा राउटर यापैकी कशात तरी बिघाड आहे, पुढचे काही वाचण्याची गरज नाही. आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल आणि दोन्ही संगणकांचे पहिले तीन भाग सारखे असतील तर रस्ता सहसा ठीक आहे, दरवाजा बंद आहे. 'पिंग' हुकूम देऊन दुसऱ्या संगणकाला हाक मारून पाहता येते. मात्र पिंगला उत्तर आले नाही म्हणून रस्ता तुटला असे समजू नये, कारण विंडोजची फायरवॉल पिंगलाही अडवू शकते.

हा दरवाजा बंद का झाला, हे समजून घेतल्याशिवाय इलाज करू नये. कारण चुकीचा इलाज अगदी सोपा आहे आणि पुष्कळ दुरुस्तीवाले तोच करून जातात.

एका संगणकातील फाईल दुसऱ्याला देण्याची विंडोजची जी भाषा आहे तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातील. त्या काळी नेटवर्कवर बसलेली सर्व माणसे ओळखीची, असे धरून ती बनवली होती. २०१७ साली याच जुन्या आवृत्तीतील एका भोकातून जगभर विषाणू शिरले. मे महिन्यात 'वॉनाक्राय' आणि जूनमध्ये 'नॉटपेट्या'. दुसऱ्याची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. २७ जून २०१७ रोजी तो युक्रेनमध्ये एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि त्याच समूहाचे न्हावा शेवा येथील जेएनपीटी बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरचे काम हाताने करण्याची पाळी आली, ट्रकांच्या रांगा लागल्या. आयात-निर्यातीचा माल त्या दिवसांत ज्यांचा अडकला त्यांना हे चांगले आठवत असेल. आणि नवल असे की त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने तीन महिने आधीच, १४ मार्च २०१७ रोजी, देऊन ठेवली होती. एका संगणकात शिरल्यावर हा विषाणू त्यातले पासवर्ड चोरून शेजारच्या, दुरुस्त केलेल्या संगणकातही जात असे.

तेव्हापासून कंपनीने एकेक दरवाजा लावून घेतला. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबीची ती पहिली आवृत्ती येत नाही. २०१८ मध्ये 'होमग्रुप' काढून टाकला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारच्या संगणकांवर, बिनपासवर्डाचा 'पाहुणा' म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जाणे बंद झाले आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर सही असणे सक्तीचे झाले. आपल्या दुकानांतील नेटवर्क नेमके याच पाहुण्याच्या भरवशावर वर्षानुवर्षे चालले होते. तेव्हा काही मोडलेले नाही. पूर्वी कोणीही आत येत असे, आता नाव विचारले जाते, एवढाच फरक आहे.

इलाज असा. ज्या संगणकात हिशोब आहे त्याच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जाऊन चालू जोडणी 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते पाहावे. नव्याने विंडोज बसवल्यावर ती अनेकदा पब्लिक होऊन बसते, म्हणजे संगणक आपल्या दुकानाला रेल्वे स्टेशन समजतो आणि स्वतःला लपवतो. ती प्रायव्हेट करावी. मग 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटच्या खाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल व प्रिंटर शेअरिंग ही दोन बटणे चालू करावीत. हे सर्व संगणकांवर करावे.

यानंतरचे काम बहुतेक जण टाळतात, आणि खरी अडचण तिथेच असते. हिशोबाच्या संगणकावर एक वेगळे लोकल खाते उघडावे, समजा 'हिशोब' या नावाचे, आणि त्याला पासवर्ड द्यावा. कोरा पासवर्ड चालणार नाही, कारण कोऱ्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. ज्या फोल्डरमध्ये टॅलीचा डेटा आहे त्या फोल्डरवर या खात्याला लिहिण्या-वाचण्याची परवानगी द्यावी, 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही पानांवर. एकाच पानावर दिली तर फोल्डर दिसतो पण उघडत नाही, किंवा उघडतो पण नोंद साठवली जात नाही. मग गल्ल्यावरच्या संगणकात 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून हिशोबाच्या संगणकाचे नाव, हे खाते आणि हा पासवर्ड एकदा लिहून ठेवावा. रोज विचारणा होणार नाही.

पिनचा घोळ फार होतो. सकाळी संगणक उघडताना चार किंवा सहा आकडी पिन टाकतो तो पासवर्ड नव्हे. तो पिन त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर दुसरा संगणक तो ओळखत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल खात्यावर चालणाऱ्या संगणकात मालकाला स्वतःचा पासवर्डच आठवत नसतो, कारण रोज पिन टाकायची सवय झालेली. वेगळे लोकल खाते करण्याचा सल्ला म्हणूनच दिला.

'नेटवर्क'च्या खिडकीत दुसरा संगणक दिसत नसेल तर तेवढ्यावरून घाबरू नये. वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यापुढे संगणकाचे नाव लिहून एंटर दाबावे. बहुधा उघडतो. उघडला की त्याला एक ड्राइव्हचे अक्षर देऊन टाकावे.

आता तो सोपा, चुकीचा इलाज. एका दुरुस्तीवाल्याला मी माझ्यासमोर हे करताना पाहिले आहे. आधी फायरवॉल पूर्ण बंद, मग विंडोजच्या जुन्या सुविधांमधून एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू, मग 'एव्हरीवन'ला सर्व परवानग्या, आणि शेवटी पुन्हा त्रास नको म्हणून अपडेट बंद. दहा मिनिटांत सर्व सुरू, दुकानदार खूश. पण नवी विंडोज ज्यासाठी घेतली तेच त्याने काढून टाकले. घरातल्या लॅपटॉपवर फुकटचा सिनेमा उतरवताना काही शिरले तर ते थेट उधारीच्या वहीपर्यंत जाईल. आपल्या वहीत केवळ आपला पैसा नसतो. कारागिराची मजुरी, पार्टीची शिल्लक, दुसऱ्याची अमानत असते. जीएसटी कायद्याप्रमाणे हे दस्तऐवज वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. म्हणून माणूस जाण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की फायरवॉल चालू आहे का आणि अपडेट चालू आहे का. उत्तर पडद्यावर दाखवायला सांगावे.

जुने झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये टाकत असे, ते आता टाकत नसेल तर ते मशीन फक्त जुनीच भाषा बोलते असे समजावे. एका मशीनसाठी जुना दरवाजा उघडू नये. कंपनीकडून मशीनचे सॉफ्टवेअर नवे करून मिळते का पाहावे, नाहीतर पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलवर स्कॅन करावे.

प्रिंटरचे दुखणे २०२१ पासूनचे आहे. त्या वर्षी 'प्रिंट नाइटमेअर' नावाची त्रुटी सापडली आणि तिच्यावरील दुरुस्तीनंतर साध्या खात्याला प्रिंटरचा ड्रायव्हर बसवता येईनासा झाला, अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेवटी '११बी' असलेला क्रमांक दिसू लागला. ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे तो आणि छापणारा, या दोघांत एकाचे अपडेट झाले आणि दुसऱ्याचे राहिले, की बोलणे फिसकटते. एक विंडोज ७ वर आणि दुसरा ११ वर असे जोडपे असेल तर हे हमखास. दोन्ही अद्ययावत करणे हा खरा इलाज. त्याहून बरे म्हणजे लॅन असलेला प्रिंटर थेट राउटरला जोडावा आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवावा. मग कोणाची विंडोज बदलली तरी प्रिंटरला फिकीर नाही. डॉट मॅट्रिक्सवर चलन छापणाऱ्यांनी ड्रायव्हर नवा बसल्यावर कागदाचे माप एकदा पाहावे, ते ए-४ वर गेले असल्यास छपाई दोन चलनांवर पसरते.

टॅलीबाबत. लायसन्स ज्या संगणकावर आहे त्याचे नाव फॉरमॅट करताना बदलले गेले, तर बाकीचे जुन्याच नावाला शोधत राहतात. न सापडल्यास टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जाते आणि महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व एकतीस तारखेच्याच नोंदी घेते. संगणकाचे नाव पूर्वीचेच ठेवावे, आणि लायसन्ससाठी ठरलेले पोर्ट (नेहमीचे ९९९९) फायरवॉलमध्ये तेवढेच उघडावे. पूर्ण फॉरमॅट झाला असेल तर सीरियल नंबर आणि नोंदवलेला ई-मेल लागेल. तो ई-मेल पूर्वीच्या अकाउंटंटचा असल्याचे पुष्कळांना तेव्हाच कळते. दुरुस्तीवाल्याने सोबत टॅलीही नवी केली असेल तर डेटाची जुनी प्रत पुसू नये, नव्या आवृत्तीत उघडलेला डेटा जुन्यात परत उघडेलच असे नाही.

ज्यांनी १९९० च्या दशकात डॉसवरचा फॉक्सप्रो प्रोग्राम तागे आणि गाठींच्या हिशोबासाठी करून घेतला आणि आजवर चालवला, त्यांच्यासाठी विंडोज ११ मध्ये थेट जागा नाही. ती केवळ ६४ बिटची असून १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. डॉसबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहता येईल, पण जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तेवढ्यापुरता ठेवणे मला जास्त खात्रीचे वाटते. एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचे किंवा छपाईचे जे सॉफ्टवेअर डोंगल लावून चालते, त्या डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळतो की नाही हे विंडोज बदलण्यापूर्वीच विचारावे. डिजिटल सहीच्या टोकनचेही तसेच.

ज्यांनी अजून बदललेली नाही त्यांनी दोन गोष्टी आधी कराव्यात. हिशोबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी, लावून ठेवलेली डिस्क विषाणूलाही दिसते. आणि बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवावी. विंडोज ११ साठी दुरुस्तीवाला बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू करतो, तेव्हा कुलूपबंद डिस्क ही किल्ली मागू शकते, आणि किल्ली नसेल तर आतला डेटा कोणालाही काढता येत नाही. नव्या कोऱ्या संगणकात हे कुलूप आपोआप लागलेले असू शकते, तेव्हा त्याचीही किल्ली पाहून ठेवावी.

जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल आणि काहीच जमत नसेल, तर सेटिंग्जमधील 'रिकव्हरी'च्या पानावर 'गो बॅक' हे बटण १० दिवस मिळते. फायली राहतात, मधल्या काळात बसवलेले प्रोग्राम जातात. जागा मोकळी करण्याच्या नावाखाली कोणी 'विंडोज ओल्ड' हा फोल्डर पुसला तर हे बटणही जाते, म्हणून १० दिवस त्याला हात लावू देऊ नये.